ज्युडी डेंच: तुम्ही परत परत विचारता त्या प्रश्नांची उत्तरं

ज्युडी डेंचबद्दल कधीही काही लिहिलं की पुढचे दोन आठवडे इनबॉक्समध्ये तेच तेच प्रश्न येतात. कोणी नुकताच बॉन्डपट बघितलेला असतो, कोणी एकांकिका करणारं असतं, कोणी इंग्लंडमध्ये शिकायला गेलेलं असतं. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी बाईंकडे आधी नाटकाची नटी म्हणून बघते आणि मग सिनेमाची, त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूने झुकलेली असणार, हे आधीच सांगते.

ज्युडी डेंच म्हणजे बॉन्डच्या सिनेमातली ती बॉसच ना?

हो, तीच. पांढरे बारीक कापलेले केस, नजर सरळ समोरच्याच्या डोळ्यात, आणि बॉन्डला चार शब्दांत गप्प करणारी एम. पण हा रोल त्यांना मिळाला साठीत, 1995 मध्ये. त्याआधी जवळजवळ अडतीस वर्षं त्या स्टेजवर उभ्या होत्या आणि इंग्लंडमध्ये नाटक बघणाऱ्या कुठल्याही माणसाला त्यांचं नाव माहीत होतं. त्यामुळे आपल्याकडे ज्यांना वाटतं की ही नटी म्हातारपणी एकदम कुठून आली, त्यांना मी नेहमी सांगते की त्या कुठूनही आल्या नाहीत, आपणच उशिरा पोचलो. बॉन्डचे बारीक प्रश्न खाली वेगळे घेतलेत.

घरात कोणी नाटकवालं होतं का?

धंदेवाईक कोणी नाही, पण नाद घरभर होता. जन्म 9 डिसेंबर 1934, यॉर्क शहरात. वडील डॉक्टर, गावातल्या थिएटरच्या नटांवर उपचार करणारे, आई डब्लिनची. मोठा भाऊ जेफरी पुढे नट झाला आणि त्याच्यामुळेच ज्युडीबाईंना नाटकाची शाळा माहीत झाली. यॉर्कमध्ये मध्ययुगीन धार्मिक नाटकांचा जुना प्रकार आहे, आख्खं गाव त्यात उतरतं, ती नाटकं 1951 मध्ये परत सुरू झाली तेव्हा शाळकरी ज्युडीने त्यात देवदूत केला आणि 1957 मध्ये मेरी.

आता गंमत म्हणजे बाईंना नटी व्हायचंच नव्हतं, नेपथ्य करायचं होतं. त्यासाठी आर्ट स्कूलला नाव घातलं होतं. मग स्ट्रॅटफर्डला किंग लिअर बघितलं, त्यातला सेट बघून वाटलं की असं काही आपल्या डोक्यात कधी येणार नाही, आणि तो रस्ता सोडला. गेल्या त्या लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये, पुढे मोठी नटी झालेली व्हनेसा रेडग्रेव्ह तिथे बरोबर शिकत होती.

पहिलंच नाटक आपटलं होतं असं ऐकलं, खरं आहे का?

नाटक नाही, त्यांची भूमिका. शाळेतून बाहेर पडल्या पडल्या 1957 च्या सप्टेंबरमध्ये ओल्ड विक कंपनीने थेट ओफेलिया दिली, समोर हॅम्लेट म्हणून जॉन नेव्हिल. पहिला प्रयोग लिव्हरपूलला आणि मग लंडन. नवी मुलगी, एवढा मोठा रोल, समीक्षकांनी झोडपलं. पुढे कंपनी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली तेव्हा ओफेलिया काढून दुसऱ्या नटीला दिली. आपल्याकडे अशी बदली झाली की माणूस कंपनी सोडतो किंवा निदान रुसून बसतो. ज्युडीबाई मात्र दौऱ्यावर गेल्या, छोटे रोल केले आणि ओल्ड विकमध्ये चार वर्षं राहिल्या. मला त्यांच्या आख्ख्या करिअरमधला हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, बक्षिसांपेक्षाही, कारण विंगेत उभं राहून रोज मोठ्या नटांना बघणं हीच त्यांची खरी शाळा झाली.

त्याच ओल्ड विकमध्ये 1960 ला फ्रँको झेफिरेल्लीने रोमिओ अँड ज्युलिएट बसवलं आणि त्यात ज्युलिएट या होत्या. या नाटकाचा किस्सा त्या स्वतः सांगतात. ज्युलिएट दाईला विचारते, माझे बाबा कुठेत, आई कुठेय? आणि त्या दिवशी प्रेक्षकांत बसलेले डेंच डॉक्टर पटकन बोलून गेले, इथे आहोत गं बाळा, एच रांगेत. लेकीची हाक आली आणि बापाने ओ दिली, एवढं खरं वाटलं असणार ते वाक्य.

ओल्ड विक, आरएससी, नॅशनल ही सगळी एकच का? फार गोंधळ होतो.

होणारच, मलाही बरीच वर्षं व्हायचा. ओल्ड विक हे लंडनमधलं वॉटर्लूजवळचं जुनं थिएटर, तिथे शेक्सपिअर करणारी कंपनी होती. आरएससी म्हणजे रॉयल शेक्सपिअर कंपनी, पीटर हॉलने 1961 च्या सुमारास उभी केली, मुख्य ठिकाण शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड, शिवाय लंडनमध्ये ऑल्डविच थिएटर. आणि नॅशनल थिएटर 1963 ला लॉरेन्स ऑलिव्हिएच्या हाताखाली सुरू झालं, ते आधी ओल्ड विकच्याच इमारतीत होतं आणि 1976 मध्ये टेम्सकाठी स्वतःच्या इमारतीत गेलं, गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

ज्युडीबाई तिन्ही ठिकाणी राहिल्या. 1961 च्या शेवटी आरएससीत चेरी ऑर्चर्डमधली आन्या, बरोबर जॉन गिलगुड आणि पेगी ॲशक्रॉफ्ट. मध्ये नॉटिंगहॅम, ऑक्सफर्ड, अगदी पश्चिम आफ्रिकेचा दौरा. या कंपन्यांची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी, म्हणजे एकाच मोसमात तीनचार नाटकं आलटून पालटून, आज राणी तर उद्या मोलकरीण. एकाच भूमिकेचे हजार प्रयोग मारण्यात जी ताकद येते ती आपली, पण ही रोज कात टाकायची सवय त्यांची, आणि बाई कुठल्याही रोलमध्ये अवघडलेल्या दिसत नाहीत त्याचं कारण मला तरी यातच दिसतं.

त्यांचं सगळ्यात भारी काम कुठलं? एकच सांगा.

एकच सांगायचं तर लेडी मॅकबेथ, 1976, ट्रेव्हर नन दिग्दर्शक, मॅकबेथ म्हणजे इयन मॅकेलन. स्ट्रॅटफर्डला आरएससीचं मोठं थिएटर सोडून बाजूला दि अदर प्लेस नावाची पत्र्याची शेड होती, हे नाटक तिथे झालं. सेट जवळपास नाहीच. जमिनीवर एक वर्तुळ, भोवती खोकी, ज्यांचा प्रवेश नाही ते नट त्या खोक्यांवर बसून बघतायत, आणि प्रेक्षक इतके जवळ की श्वास ऐकू यावा.

नशिबाने हे टीव्हीसाठी चित्रित झालं आणि 1979 मध्ये दाखवलं गेलं, म्हणून आज आपल्याला बघता येतं. काळा साधा झगा, डोकं काळ्या फडक्यात गच्च बांधलेलं, दिसतो तो फक्त चेहरा आणि हात. सुरुवातीला ती दुष्ट शक्तींना आपल्यात या म्हणून बोलावते ना, तिथे बाई मध्येच दचकून मागे सरतात. जणू खरंच काहीतरी आलं. लेडी मॅकबेथ म्हणजे राक्षसीण असं आपण शाळाकॉलेजात शिकतो, इथे दिसते ती नवऱ्यावर जीव असलेली बायको जी स्वतःच बोलावलेल्या गोष्टीला घाबरलीय. आणि शेवटी झोपेत चालण्याचा प्रवेश, हात चोळता चोळता तो एक लांबलचक स्वर निघतो, रडणं नाही आणि ओरडणंही नाही, पोटातून ओढून काढल्यासारखा. मी तो तुकडा एकदा आमच्या तालमीच्या आधी पोरांना मोबाईलवर दाखवला होता, त्यानंतर पाच मिनिटं कोणी वाचनच सुरू करेना.

दुसरं नाव घ्यायचं तर 1987 ची क्लिओपात्रा, नॅशनलमध्ये, समोर अँथनी हॉपकिन्स. त्यांना भूमिका मिळाली तेव्हा हसणारे लोक होते, की बुटकी, पन्नाशी ओलांडलेली बाई जगातली सर्वात मोहक राणी कशी होणार. त्या कामाला ऑलिव्हिए अवॉर्ड, म्हणजे लंडनच्या नाटकांचं मोठं बक्षीस, मिळालं.

त्या गातात का? आवाज तर घोगरा आहे.

गातात, आणि घोगऱ्या आवाजातच गातात. आवाज जन्मापासून तसाच. 1968 मध्ये लंडनला कॅबरे हे संगीत नाटक आलं तेव्हा सॅली बोल्सचा रोल विचारला तर त्यांना वाटलं कोणी मस्करी करतंय, ऑडिशनही लाजून विंगेतून गाऊन दिली. पण सॅली ही काही मोठी गायिका नाहीच, एका साध्या क्लबात गाणारी पोरगी आहे, म्हणून तो तुटका आवाज तिथे चपखल बसला. मग 1995 ला नॅशनलमध्ये अ लिटल नाईट म्युझिक, त्यातलं सेंड इन द क्लाउन्स. ते गाणं सुरेल गळ्याच्या कितीतरी जणींनी म्हटलंय, पण बाई ते जवळजवळ बोलतात, मध्ये थांबतात, आणि आपल्याला कळतं की हिचं आयुष्य हातातून निसटलंय आणि हिला ते आत्ता, या ओळीला कळतंय. नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानांना सुरुवातीला खटकेल, एकदा शब्दांकडे लक्ष देऊन ऐका.

कॅट्समध्ये मेमरी हे गाणं त्यांचं होणार होतं का?

होणार होतं. कॅट्स या संगीत नाटकाच्या 1981 च्या मूळ लंडन प्रयोगात मेमरी गाणारी ग्रिझाबेला त्याच करणार होत्या. तालमीत घोट्यामागची मोठी शीर, अकिलीस टेंडन, तुटली आणि अगदी तोंडावर रोल एलेन पेजकडे गेला. पुढे गाणं आणि एलेन पेज हे समीकरणच झालं. 2019 च्या कॅट्स सिनेमात ज्युडीबाई आहेत पण त्या ओल्ड ड्युटेरॉनॉमी म्हणून. सिनेमा फसला, तो बघून त्यांच्याबद्दल मत करू नका.

नवरापण नटच होता ना? एकत्र काम केलं का?

मायकेल विल्यम्स, आरएससीचाच नट. 1970 मध्ये कंपनी ऑस्ट्रेलियात असताना त्याने तिथल्या उन्हात मागणी घातली, तर बाई म्हणाल्या इथे सगळंच सुंदर आहे, लंडनच्या पावसाळी रात्री परत विचार. त्याने विचारलं, 1971 च्या फेब्रुवारीत लग्न. मुलगी फिंटी, तीही नटी. तो दर शुक्रवारी त्यांना एक लाल गुलाब द्यायचा.

एकत्र काम भरपूर. टीव्हीवर अ फाइन रोमान्स ही मालिका 1981 ते 84, ज्यात दोघं एकमेकांना धड बोलता न येणारे प्रौढ प्रेमिक होते, आणि स्टेजवर पॅक ऑफ लाइज. जानेवारी 2001 मध्ये कॅन्सरने तो गेला. त्यानंतर त्या जवळपास न थांबता काम करत सुटल्या, दुःखात काम हाच आधार असं त्या सांगतात.

एवढी मोठी नटी, मग सिनेमात इतक्या उशिरा का?

अगदीच उशिरा नाही. 1965 च्या फोर इन द मॉर्निंगसाठी बाफ्टाने, म्हणजे ब्रिटनच्या सिनेमा पुरस्काराने, नवोदित म्हणून गौरवलं होतं, अ रूम विथ अ व्ह्यू आणि अ हँडफुल ऑफ डस्ट या दोन्हीला सहाय्यक भूमिकेचा बाफ्टा आहे. पण तरुणपणी एका सिनेमावाल्याने तोंडावर सांगितलं की तुझ्या चेहऱ्यात सगळंच चुकलंय. त्यावर त्या नाटकाकडे परत गेल्या आणि सिनेमाचा विचार फारसा केला नाही.

फिरलं ते 1997 ला, मिसेस ब्राऊनमुळे. विधवा राणी व्हिक्टोरिया आणि तिचा स्कॉटिश सेवक. ही खरंतर टीव्हीसाठी केलेली फिल्म, थिएटरला लागली आणि अमेरिकेला बाईंचा शोध लागला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिलं ऑस्कर नॉमिनेशन.

आठ मिनिटांच्या रोलला ऑस्कर? हे कसं काय?

शेक्सपिअर इन लव्ह, राणी एलिझाबेथ, 1999 ला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर. आठ मिनिटं हा आकडा सगळीकडे सांगतात, घड्याळ लावून मोजणारे सहाच मिनिटं म्हणतात. त्यांनीही बक्षीस घेताना एवढ्याशा कामाला याचा छोटा तुकडाच मिळायला हवा अशा अर्थाचं काही म्हटलं होतं.

पण मी या रोलची बाजू घेणार. पांढराफटक चेहरा, मणामणाचे कपडे, हलताही येत नाही, म्हणजे नटीजवळ उरतात डोळे आणि आवाज. शेवटी ती बाहेर निघते, समोर चिखल, दरबारी एकमेकांकडे बघतायत, अंगावरचे झगे काढून टाकू की नको, आणि ती वाट न बघता वैतागून चिखलातून सरळ चालत जाते. एका क्षणात कळतं की ही बाई आयुष्यभर हेच करत आलीय. एका प्रवेशात पूर्ण माणूस उभा करायचा हे शिक्षण रंगभूमीचं आहे.

आणि ज्यांचा पुढचा प्रश्न असतो की हा सर्वात छोटा ऑस्करविजेता रोल का, तर नाही. नेटवर्क या सिनेमासाठी बिॲट्रिस स्ट्रेटला मिळालं ते काम जेमतेम पाच मिनिटांचं.

ऑस्कर, टोनी, ऑलिव्हिए, एकूण हिशोब काय? ऑलिव्हिए सात की आठ?

ऑस्करची नॉमिनेशन आठ, जिंकलं एक. शेवटचं नॉमिनेशन बेलफास्टसाठी, तेव्हा वय सत्त्याऐंशी. टोनी एक, एमीज व्ह्यू या नाटकाला, तेही 1999 लाच, म्हणजे त्याच वर्षी ऑस्करही आणि ब्रॉडवेचा सर्वोच्च मानही. टीव्हीचं एमी आणि संगीताचं ग्रॅमी नाही, त्यामुळे एमी, ग्रॅमी, ऑस्कर, टोनी ही चारही मिळवणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव शोधू नका.

ऑलिव्हिएची गडबड अशी की अभिनयासाठी सात आहेत आणि 2004 चं विशेष धरलं तर आठ. दोन्ही आकडे बरोबर. 1996 ला एकाच रात्री दोन मिळाली, एक गद्य नाटकाला, अ‍ॅब्सोल्यूट हेल, आणि एक संगीत नाटकाला, ज्याचं वर गाण्याच्या प्रश्नात लिहिलंय. शेवटचं 2016 ला विंटर्स टेलमधल्या पॉलिनासाठी. हेच नाटक त्यांनी 1969 मध्ये केलं होतं, तेव्हा आई हर्मायनी आणि मुलगी पर्डिटा दोन्ही त्याच, एकाच प्रयोगात. सत्तेचाळीस वर्षांनी त्याच गोष्टीतल्या तिसऱ्या बाईसाठी बक्षीस घ्यायला उभ्या राहिल्या.

बॉन्डपट नक्की किती? कोणी सात म्हणतं कोणी आठ.

सात. पिअर्स ब्रॉस्ननबरोबर चार, गोल्डनआय पासून डाय अनदर डे पर्यंत, आणि डॅनियल क्रेगबरोबर तीन, कसिनो रॉयाल, क्वांटम ऑफ सोलेस, स्कायफॉल. आठ म्हणणारे 2015 चा स्पेक्टर धरतात, त्यात एम आधीच रेकॉर्ड केलेल्या एका व्हिडिओत क्षणभर दिसते. तो रोल नाही, पाहुणी आहे.

अजून एक अवघड प्रश्न येतो, की क्रेगच्या सिनेमात बॉन्डची गोष्ट पहिल्यापासून सुरू होते मग एम तीच कशी? सरळ उत्तर असं की गोष्टीच्या हिशोबाने ती वेगळी एम मानायची, बनवणाऱ्यांना बाई सोडवल्या नाहीत. आणि बाईमाणूस प्रमुख ही कल्पना हवेतली नव्हती, 1992 मध्ये स्टेला रिमिंग्टन एमआयफाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर संस्थेच्या प्रमुख झाल्या होत्या, तेव्हा ते पहिल्यांदा घडलं होतं.

भारताशी काय संबंध?

लोकांना दोन माहीत असतात, मी तिसरा सांगते. बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल आणि त्याचा दुसरा भाग, गोष्ट जयपूरची, शूटिंग राजस्थानात, ते हॉटेल म्हणजे उदयपूरजवळचं खेमपूरचं जुनं रावळं. त्यात बाई नवरा गेल्यावर पहिल्यांदा नोकरी करणाऱ्या एव्हलिन आहेत, कॉल सेंटरमध्ये पोरांना म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते शिकवणाऱ्या. तो प्रवेश फार गोड आहे. मग 2017 चा व्हिक्टोरिया अँड अब्दुल, अली फजलबरोबर, श्राबणी बसूंच्या पुस्तकावरून, व्हिक्टोरियाच्या खऱ्या ओसबर्न हाऊसमध्ये शूटिंग केलेला. वीस वर्षांनी तीच राणी परत. बाईंचं काम सुंदर, पण अब्दुलला स्वतःचं मन दिलेलं नाही, राणीकडे भक्तीने बघत राहायचं एवढंच त्याचं काम, ते मला आजही खटकतं.

तिसरा म्हणजे 1976 चं आरएससीचं मच अडू अबाउट नथिंग. जॉन बार्टनने ते ब्रिटिश राजवटीतल्या हिंदुस्तानात, लष्करी छावणीच्या वातावरणात बसवलं होतं, बिॲट्रिस या आणि बेनेडिक डॉनल्ड सिंडन. म्हणजे राजस्थानच्या पस्तीस वर्षं आधी त्या स्टेजवर या देशात येऊन गेल्या होत्या, आणि त्याच वर्षी वरचा मॅकबेथही चालू होता.

डॅनियल डे लुईस हॅम्लेट सोडून गेला त्या नाटकात त्याही होत्या ना?

होत्या, 1989, नॅशनल, त्या हॅम्लेटची आई गर्ट्रूड. बापाच्या भुताच्या प्रवेशानंतर तो स्टेज सोडून गेला आणि परत आला नाही, प्रयोग बदली नटाने पूर्ण केला. भूत बघितलं वगैरे कथा फार रंगवून सांगतात, एका नटाच्या कोसळण्याची अशी जत्रा करणं मला आवडत नाही, म्हणून इथेच थांबते.

मॅगी स्मिथ आणि त्या बहिणी का?

नाही, मैत्रिणी. दोघीही 1934 च्या डिसेंबरच्या, एकोणीस दिवसांचं अंतर. 1950 च्या दशकात ओल्ड विकपासूनची ओळख, पुढे अ रूम विथ अ व्ह्यू, लेडीज इन लॅव्हेंडर, मॅरिगोल्ड. हॅरी पॉटरमधल्या त्या मॅगीबाई. 2024 च्या सप्टेंबरमध्ये मॅगीबाई गेल्या.

डेम म्हणजे काय? डेम डेंच म्हणायचं का?

पुरुषाला सर, बाईला डेम. त्यांना 1988 मध्ये मिळालं. सरसारखंच ते पहिल्या नावाला लागतं, म्हणून डेम ज्युडी. डेम डेंच चूक.

कुठून बघायला सुरुवात करू?

आधी मिसेस ब्राऊन, मग फिलोमिना, मग नोट्स ऑन अ स्कँडल, कारण फिलोमिनाचा भोळेपणा आणि नोट्समधली ती एकटी, विखारी शिक्षिका एकाच चेहऱ्यावर बघितली की पल्ला कळतो. आणि मग दिवे बंद करून 1979 चा मॅकबेथ.

डोळ्यांचं काय झालं, आता काम करतात का?

मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे नजरेच्या मधोमधचं दिसेनासं होतं. 2012 मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलं. स्क्रिप्ट वाचता येत नाही, मग कोणीतरी शेजारी बसून ओळी वाचून दाखवायच्या आणि यांनी ऐकून पाठ करायच्या. बेलफास्ट त्यानंतरचं, विंटर्स टेलही. आता नवी कामं कमी झालीत, पण शेक्सपिअर तोंडपाठ आहे, त्याला डोळे लागत नाहीत. त्या आणि मायकेल शेक्सपिअरला घरभाडं भरणारा माणूस म्हणायचे, 2023 च्या त्यांच्या पुस्तकाचं नावही तेच. त्याच सुमारास ग्रॅहम नॉर्टनच्या शोमध्ये सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी एकोणतिसावं सुनीत म्हणून दाखवलं. हशा आणि टाळ्यांचा कार्यक्रम, चौदा ओळी, हातात कागद नाही, आणि आख्खा स्टुडिओ गप्प.